गोव्याच्या फुटबॉलचा हिशेब प्रेक्षकांपुढे मांडा : एक खुले पत्र

प्रति,
गोव्यातील फुटबॉल क्लबांचे मालक आणि व्यवस्थापक, फुटबॉल संघटनेचे पदाधिकारी व राज्याच्या क्रीडा खात्याचे अधिकारी यांस

सप्रेम नमस्कार.

डिचोली तालुक्यातील एका माध्यमिक विद्यालयात गेली २१ वर्षे मी शारीरिक शिक्षण शिकवतो आहे. आमच्या शाळेला स्वतःचे मैदान नाही. पावसाळी भाताची कापणी आटोपून मळ्यातला चिखल वाळला, की शेतमालकाची परवानगी घेऊन मुले धसकटे उपटतात, चुन्याने रेघा मारतात आणि दोन्ही टोकांना बांबूचे गोलपोस्ट रोवतात. मग पहिला पाऊस पडेपर्यंत रोज संध्याकाळी तिथे खेळ चालतो. अनवाणी पायाने खेळणाऱ्या या मुलांना देशातल्या मोठ्या संघांचे खेळाडू, त्यांचे अंगरख्यावरचे क्रमांक आणि त्यांचे गोल तोंडपाठ असतात. त्यांच्या वतीने आणि त्यांच्याबरोबर सामने पाहायला जाणारा एक प्रेक्षक या नात्याने मी हे पत्र लिहीत आहे.

पत्र आपणा सर्वांना मिळून लिहिण्याचे कारण असे, की आजवर ज्या ज्या वेळी मी एकाला विचारले, त्या त्या वेळी त्याने दुसऱ्याकडे बोट दाखवले. तिकीट एवढे महाग का, असे क्लबच्या माणसाला विचारले की मैदानाचे भाडे आणि सामन्याचा खर्च ही कारणे पुढे येतात. मैदानाबद्दल कचेरीत चौकशी केली, की सामन्याच्या दिवशी ते आयोजकांच्या ताब्यात असते, असे उत्तर मिळते. खेळाडू का गेला, हे विचारावे तर तो क्लब आणि खेळाडू यांच्यातला खासगी करार असल्याचे सांगून विषय मिटवला जातो. ज्यांनी मला ही उत्तरे दिली त्यांची नावे मी घेत नाही, कारण ही रीत एखाद्याच माणसाची किंवा एखाद्याच कचेरीची नाही. पण तिन्ही ठिकाणी पैसा, वेळ आणि जीव लावणारा प्रेक्षक एकच आहे, आणि त्याला मात्र कुठेच उत्तर मिळत नाही.

माझे मागणे एवढेच आहे. ज्या मैदानांवर जनतेचा पैसा खर्च होतो, ज्या तिकिटांसाठी आम्ही खिशात हात घालतो आणि जे खेळाडू आमच्या गावांत वाढले, त्यांच्याविषयी निर्णय घेताना त्यांचा हिशेब आणि त्यांची कारणे आम्हांला वेळेवर आणि समजेल अशा भाषेत सांगा.

मैदानापासून सुरुवात करतो. मडगावातील फातोर्ड्याचे जवाहरलाल नेहरू स्टेडियम १९८९ मध्ये उभे राहिले. १९८९-९० च्या संतोष करंडक या आंतरराज्य स्पर्धेचा अंतिम सामना तिथेच झाला आणि गोव्याने केरळला २-० असे हरवून करंडक जिंकला. वडिलांनी मला त्या सामन्याला नेले होते. सिमेंटच्या पायऱ्या उन्हाने तापल्या होत्या, म्हणून त्यांनी हातातले वर्तमानपत्र दुमडून माझ्याखाली घातले आणि स्वतः सगळा वेळ उभे राहिले. दुसरा गोल झाल्यावर अनोळखी माणसांनी मला उचलून खांद्यावर घेतले होते. वडील पुढे कितीतरी वर्षे त्या मैदानाचा उल्लेख 'आपले मैदान' असाच करत. त्यांचे आयुष्य सरकारी नोकरीत गेले होते, आणि मैदान सरकारने म्हणजे आपण बांधले आहे, अशी त्यांची साधी समजूत होती. ती समजूत बरोबरच होती, असे मला आजही वाटते.

त्यानंतर या मैदानाने पुष्कळ पाहिले. २०१४ च्या लुसोफोनिया, म्हणजे पोर्तुगीज भाषेशी नाते असलेल्या देशांच्या, क्रीडास्पर्धेसाठी त्याचे नूतनीकरण झाले. २०१७ मध्ये १७ वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचे सामने इथे झाले आणि इराणच्या मुलांनी जर्मनीला ४-० असे हरवलेले गोव्याने प्रत्यक्ष पाहिले. २०२२ मध्ये त्याच वयोगटाच्या मुलींचा विश्वचषक आला. २०२३ मध्ये ३७व्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेचे उद्घाटनही तिथेच झाले. अशा प्रत्येक सोहळ्याच्या आधी डागडुजी होते, रंग लागतो, हिरवळ बदलली जाते, दिवे पाहिले जातात. या खर्चाला माझा विरोध नाही. जगातले चांगले फुटबॉल आमच्या मुलांना मडगावात पाहायला मिळाले, ही फार मोठी गोष्ट आहे, आणि त्यासाठी राबलेल्या सर्वांचा मी ऋणी आहे.

मात्र सोहळा संपल्यावर उरलेल्या मैदानाचे काय होते, हे जाणून घेण्याचा आम्हांला हक्क आहे. वर्षाला देखभालीवर किती खर्च येतो, व्यावसायिक सामन्यासाठी एका दिवसाचे भाडे किती आकारले जाते, त्या भाड्यातून देखभालीचा किती भाग निघतो, आणि वर्षातले किती दिवस हे मैदान शाळा, गावचे संघ व मुलींचे संघ यांच्यासाठी खुले असते, एवढी चारच वाक्ये दरवर्षी मैदानाच्या प्रवेशद्वाराशी फलकावर मराठीत आणि कोकणीत लिहून लावावीत. ग्रामपंचायतीत जमाखर्च वाचून दाखवला जातो, देवस्थानात जत्रेचा हिशेब महाजनांपुढे मांडला जातो. मग ज्या खेळाला २०१२ साली राज्यक्रीडेचा मान मिळाला, त्याच्या सर्वांत मोठ्या मैदानाचा हिशेब लोकांपुढे मांडण्यात अडचण येऊ नये.

हे मी हट्टाने का मागतो आहे, तेही सांगतो. मैदानाचा खर्च हे तिकिटाच्या दराचे कारण म्हणून आमच्यापुढे येते. जो खर्च आम्ही कर भरून एकदा सोसला, तोच तिकिटातून दुसऱ्यांदा सोसायचा असेल, तर तो नेमका किती आहे हे तरी कळायला हवे. भाडे खरोखरच जास्त असेल, तर क्रीडा खात्याने ते कमी करावे आणि क्लबने तेवढा दर उतरवावा. भाडे कमी असेल, तर दराचे कारण दुसरे आहे, आणि ते क्लबने सांगावे. आकडे समोर आले की बोट दाखवण्याची गरज उरणार नाही.

आता तिकिटांविषयी, आणि या विषयावर मी थोडे सविस्तर लिहिणार आहे.

गेल्या मोसमात मार्च महिन्यात आमच्या शाळेतील १४ मुलांना मी एका मोठ्या सामन्याला नेले. क्लबचे आणि मैदानाचे नाव इथे महत्त्वाचे नाही. मुलांनी पैसे कसे जमवले, ते मात्र महत्त्वाचे आहे. काजूचा हंगाम होता. सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून ही मुले डोंगरावर गेली, मालकांच्या परवानगीने झाडांखाली गळलेले काजू गोळा केले, बोंडे पिळून बिया वेगळ्या केल्या आणि त्या बाजारात नेऊन विकल्या. बोंडांच्या चिकाने त्यांचे हात काळे पडले होते. दोन आठवड्यांनी एका मुलाने बिस्किटांच्या डब्यात भरलेल्या नोटा आणि नाणी माझ्या टेबलावर ओतली. ती मोजायला आम्हांला मधली सुट्टी पुरली नाही.

तिकिटे केवळ मोबाइलवरून मिळत होती. सर्वांत स्वस्त स्टँड तोवर भरल्याचे दिसत होते. त्याच्या वरच्या दराची तिकिटे घेतली. प्रत्येक तिकिटावर बुकिंगचे शुल्क वेगळे लागले, आणि एका वेळी ठरावीक तिकिटेच काढता येत असल्याने मला दोघा सहकाऱ्यांचे फोन वापरावे लागले. शेवटी जी रक्कम झाली ती आमच्या शाळेच्या वर्षभराच्या चेंडूंच्या खर्चाहून जास्त होती. मुलांचे पैसे निम्म्यालाही पुरले नाहीत. उरलेले आम्ही शिक्षकांनी घातले, त्याबद्दल काही म्हणायचे नाही. सामना संध्याकाळी साडेसातचा असल्याने तो संपल्यावर परतीची बस मिळत नाही, म्हणून मिनीबस ठरवावी लागली. जाऊन-येऊन १०० किलोमीटरच्या वर प्रवास होता, आणि भाड्याची रक्कम तिकिटांच्या रकमेशी बरोबरी करू लागली.

प्रवेशद्वाराशी मुलांच्या पाण्याच्या बाटल्या काढून घेतल्या गेल्या. सुरक्षेचा नियम असल्यास मी तो पाळतो आणि मुलांनाही पाळायला शिकवतो. परंतु आत पिण्याच्या पाण्याचा नळ सापडला नाही, आणि विकतच्या पाण्याला बाहेरच्यापेक्षा जास्त पैसे पडले. नववीतल्या एका मुलाने मध्यंतरात एक पेला पाणी घेतले, दोन घोट प्यायला आणि पेला ओळीने पुढे दिला. चौदा जणांमध्ये तो पेला फिरला. पुढच्या मुलाला उरावे म्हणून कोणीही तिसरा घोट घेतला नाही.

आणि त्या वेळी आमच्या उजव्या हाताच्या महागड्या स्टँडमध्ये खुर्च्यांच्या रांगाच्या रांगा रिकाम्या होत्या.

रिकामी खुर्ची क्लबला एक रुपयाही मिळवून देत नाही, हे मी सांगायला नको. तीच खुर्ची एखाद्या शाळेच्या मुलाला नाममात्र दरात दिली, तर तो पुढची ४० वर्षे या संघाचा होतो. मी स्वतः असाच झालो. वर्तमानपत्राच्या घडीवर बसलेल्या त्या मुलाने नंतर किती तिकिटे विकत घेतली, याची गणती मी ठेवलेली नाही. म्हणून प्रत्येक सामन्याला एक स्टँड १६ वर्षांखालील शाळकरी मुलांसाठी आणि त्यांच्या शिक्षकांसाठी राखून ठेवावा, त्याची नोंदणी शाळेच्या पत्रावर व्हावी, आणि तो स्टँड सामन्याच्या मानाने महाग किंवा स्वस्त होऊ नये, अशी माझी विनंती आहे. मोसम सुरू होण्यापूर्वी सर्व दर जाहीर करावेत आणि ते मोसम संपेपर्यंत बदलू नयेत. प्रवेशद्वाराच्या आत पिण्याच्या पाण्याची सोय असावी. उशिराच्या सामन्यानंतर पणजी, म्हापसा, डिचोली, वाळपई, काणकोण या बाजूंना जाणाऱ्या बसगाड्या सुटतील, यासाठी क्लब आणि सरकार यांनी मिळून बोलणी करावीत. उत्तरेकडच्या तालुक्यांतला माणूस आज सामन्याला येत नसेल, तर त्याला फुटबॉलची आवड नाही, असा समज कृपया करून घेऊ नका. त्याला रात्री घरी पोहोचता येत नाही.

मोठ्या नावाचा पाहुणा संघ आला की दर चढतात, याचाही विचार व्हावा. २२ ऑक्टोबर २०२५ रोजी एएफसी चॅम्पियन्स लीग टू या आशियातील क्लबांच्या स्पर्धेत सौदी अरेबियाचा अल नासर संघ फातोर्ड्याला खेळायला आला, तेव्हा एरवीच्या लीग सामन्यांच्या मानाने तिकिटे बरीच महाग होती. त्या संघातला ख्रिस्तियानो रोनाल्डो आला नाही. तरीही लोक आले, आणि एफसी गोवा या आमच्या क्लबच्या मुलांनी अशी झुंज दिली, की १-२ असा पराभव होऊनही माणसे मान ताठ ठेवून घरी गेली. त्या सामन्यातला आमचा गोल ब्रायसन फर्नांडिस या गोव्याच्या मुलाने केला. त्या रात्री लोक आपल्या संघासाठी आले होते. दर ठरवताना आपल्या संघाचे मोल पाहुण्यांच्या नावावरून ठरवू नये, एवढेच मला म्हणायचे आहे.

आपल्या गोव्यातली कितीतरी कुटुंबे आज इंग्लंडमध्ये आहेत, आणि तिथल्या गोष्टी सुट्टीला आलेल्या माणसांच्या तोंडून आमच्यापर्यंत पोहोचतात. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूल क्लबने नव्या स्टँडचे सर्वांत महाग तिकीट ७७ पौंड ठरवले, तेव्हा संघ आघाडीवर असतानाही हजारो प्रेक्षक ७७व्या मिनिटाला उठून बाहेर गेले. काही दिवसांतच मालकांनी तो निर्णय मागे घेऊन चाहत्यांची माफी मागितली. त्याच वर्षी प्रीमियर लीगने पाहुण्या संघाच्या चाहत्यांसाठी ३० पौंडांची कमाल मर्यादा ठरवली. उठून जावे, असे मी कोणाला सुचवत नाही. माझ्या १४ मुलांपैकी एकही शेवटची शिट्टी होण्याआधी उठायला तयार झाला नसता. तेवढ्या मोठ्या क्लबच्या मालकांनाही प्रेक्षकांचे ऐकून दर उतरवता आले, हे मात्र मला आपल्या नजरेस आणायचे आहे.

खेळाडूंच्या जाण्यायेण्याविषयी लिहिताना मन शांत ठेवणे मला अवघड जाते, तरी प्रयत्न करतो.

इंडियन सुपर लीग या देशातील प्रमुख स्पर्धेतला एफसी गोवाचा २०१९-२० चा मोसम ज्यांनी पाहिला, ते तो विसरणार नाहीत. १८ सामन्यांत ३९ गुण, ४६ गोल, आणि साखळी फेरीत पहिला आल्याबद्दल नव्याने सुरू झालेली लीग विनर्स शील्ड. त्या मानाच्या जोरावर आशियाच्या चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा पहिला भारतीय क्लब गोव्याचा ठरला. कोरो, ह्यूगो बूमूस, अहमद जाहू, मुर्तदा फॉल, ब्रँडन फर्नांडिस, लेनी रॉड्रिग्ज, मंदार राव देसाई ही नावे आमच्या शाळेतल्या मुलांनी वह्यांच्या मागच्या पानांवर मैदानातल्या जागांप्रमाणे लिहून ठेवली होती. त्यातही मंदारवर आमच्याकडच्या मुलांचा विशेष जीव, कारण त्याचे आडनाव आमच्या हजेरीपटावर सापडते.

तो मोसम संपण्याआधीच प्रशिक्षक सेर्जिओ लोबेरा यांना दूर करण्यात आले. पुढच्या काही महिन्यांत लोबेरा, बूमूस, जाहू, फॉल आणि मंदार हे सर्व मुंबई सिटी संघात दिसले. कोरोही भारत सोडून गेला. कोरोनाच्या साथीमुळे २०२०-२१ चा सगळा मोसम गोव्यातच, फातोर्डा, बांबोळी आणि वास्को येथील मैदानांवर, प्रेक्षकांविना खेळला गेला. मार्च २०२१ मध्ये उपांत्य फेरीत गोवा आणि मुंबई समोरासमोर आले. पहिला सामना फातोर्ड्याला २-२ असा सुटला, आणि मुंबईचे दोन्ही गोल बूमूस आणि फॉल यांनी केले. दुसरा सामना बांबोळीला गोलशून्य राहिला, आणि पेनल्टी शूटआऊटमध्ये आम्ही ५-६ असे हरलो. आमच्याच मैदानांवर, वर्षभरापूर्वी आमचा अंगरखा घातलेल्या खेळाडूंनी आम्हांला बाहेर काढले, आणि आम्ही आत नव्हतो. त्या रात्री मी घरी दूरदर्शन संचासमोर बसलो होतो, आणि रिकाम्या खुर्च्यांपुढे चेंडूला लाथ मारल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. प्रेक्षकांचा आवाज नसताना मैदान केवढे पोरके वाटते, हे त्या मोसमात आपणही पाहिले असेल.

त्याच मोसमाच्या मध्यावर, जानेवारी २०२१ मध्ये, लेनी रॉड्रिग्ज कोलकात्याला गेला आणि त्याच्या बदल्यात ग्लॅन मार्टिन्स आला. कर्णधारपद भूषवलेला ब्रँडन २०२४ मध्ये मुंबईला गेला. खेळाडूने जाऊच नये, असे म्हणण्याइतका मी अजाण नाही. फुटबॉलपटूची कमाईची वर्षे थोडी असतात, आणि गोव्याच्या मुलाला जिथे योग्य मोबदला मिळेल तिथे त्याने जावे, यात मला आनंदच आहे. क्लबची थैली किती मोठी आहे, याच्याही मर्यादा असतात. माझे दुःख आहे ते सांगण्याच्या पद्धतीविषयी.

आमच्या शाळेतल्या एका मुलाच्या आईने दिवाळीला त्याला एका क्लबचा अंगरखा घेऊन दिला. ती दोन घरी स्वयंपाकाला जाते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जाऊन त्याने पाठीवर आपल्या आवडत्या खेळाडूचे नाव आणि क्रमांक छापून घेतला. त्याच महिन्यात क्लबने त्याच खेळाडूचे छायाचित्र लावून मोसमाचे पास विकले होते. जानेवारीत एका रात्री क्लबच्या खात्यावर चार शब्दांचा 'धन्यवाद' आला आणि खेळाडू दुसऱ्या राज्यात गेला. सकाळी प्रार्थनेच्या वेळी मुलाने मला विचारले, "सर, तो आता आपल्या विरुद्ध खेळणार?" मी हो म्हणालो. "मग त्याला जायचे होते, की यांनी पाठवला?" या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. मुलाने नखाने पाठीवरची अक्षरे खरवडून काढली. ती पूर्ण निघाली नाहीत, आणि तो अजून तोच अंगरखा घालून खेळायला येतो.

त्या मुलाला जे उत्तर मी देऊ शकलो नाही, ते क्लबला देता आले असते. करारातली रक्कम गुप्त ठेवा, त्याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. पण खेळाडूने जाण्याची इच्छा दाखवली, की करारात ठरलेली रक्कम भरून दुसऱ्या क्लबने त्याला नेले, की प्रशिक्षकाला त्या जागी दुसरा माणूस हवा होता, हे दोन वाक्यांत सांगता येते. संघ निश्चित होईपर्यंत जाणाऱ्या खेळाडूच्या नावावर पास आणि अंगरखे विकू नयेत. वर्षातून दोनदा, मोसमाच्या आधी आणि नंतर, व्यवस्थापकांनी आणि प्रशिक्षकांनी चाहत्यांसमोर बसावे, एकदा दक्षिणेत आणि एकदा उत्तरेत, आणि प्रश्न आमच्या भाषेत विचारू द्यावेत. जो खेळाडू पाच-सहा वर्षे राबला, त्याला मैदानावर बोलावून निरोप द्यावा. टाळ्या वाजवायला आम्ही येऊ.

जुन्या काळाची आठवण काढल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. आय-लीग ही त्या वेळची देशातील सर्वोच्च साखळी स्पर्धा. ती सुरू झाल्यापासूनची पहिली सहाही विजेतेपदे, २००७-०८ ते २०१२-१३, गोव्याच्याच क्लबांनी जिंकली: धेंपोने तीन, चर्चिल ब्रदर्सने दोन आणि साळगावकरने एक. त्या दिवसांत खेळाडू क्लब बदलत नव्हते, असे नाही. मात्र धेंपोचा खेळाडू साळगावकरकडे गेला, तर तो गोव्यातच राहायचा आणि पुढच्या रविवारी त्याला फातोर्ड्यालाच पाहता यायचे. रुसवा असला तरी ताटातूट होत नसे. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दि गोवा या तिघांनीही राष्ट्रीय स्पर्धेच्या नव्या रचनेच्या निषेधार्थ आय-लीग सोडली, आणि तेव्हापासून आमच्या मुलांपुढे वरच्या दर्जाची दारे कमी झाली. आज खेळाडूने क्लब सोडला म्हणजे बहुधा त्याने गोवा सोडलेला असतो. धेंपो क्लब २०२४ मध्ये पुन्हा आय-लीगमध्ये परतला, याचा म्हणूनच मला मनापासून आनंद झाला. अशा क्लबांना मैदाने परवडतील आणि त्यांच्या सामन्यांच्या वेळा प्रेक्षकांना सोयीच्या असतील, हे संघटनेने पाहिले, तर वरच्या एकाच क्लबवर आमचा सगळा जीव टांगलेला राहणार नाही.

संघटनेकडे आणखी एक मागणे आहे. खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबमध्ये जातो, तेव्हा मिळणाऱ्या रकमेतील ५ टक्के हिस्सा तो १२ ते २३ वर्षांचा असताना त्याला घडवणाऱ्या क्लबांना द्यावा, असा फिफाचा नियम आहे. याच धर्तीवर गोव्याचा खेळाडू राज्याबाहेरच्या क्लबला विकला गेला, की मिळणाऱ्या रकमेतला लहानसा हिस्सा त्याच्या गावच्या क्लबला आणि शाळेला देण्याचे गोव्यातील क्लबांनी आपण होऊन ठरवावे. तसे झाले तर आमच्यासारख्या शाळेला दोन चेंडू, एक जाळे आणि मळ्याच्या कडेला एक नळ मिळेल. मग खेळाडू गेल्याचे दुःखही निराळे असेल, कारण जाताना तो मागच्या मुलांसाठी काहीतरी ठेवून गेलेला असेल.

जुलै २०२५ मध्ये इंडियन सुपर लीगचा पुढचा मोसम स्थगित ठेवल्याची बातमी आली. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि त्याचा व्यावसायिक भागीदार यांच्यातला २०१० चा १५ वर्षांचा करार डिसेंबरात संपत होता, आणि पुढचे काहीच ठरले नव्हते. त्या काळात खेळाडूंनी आवाहने केली, क्लबांनी पत्रे लिहिली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. प्रेक्षकाला मात्र कोणत्याही टेबलावर खुर्ची नव्हती. राष्ट्रीय पातळीवरचे ते दुखणे गोव्यात बसून मिटणार नाही, हे मला कळते. आमचे गोव्यातले टेबल मात्र आपल्या हातात आहे. मैदान, तिकीट आणि संघ या विषयांवर निर्णय घेणाऱ्या बैठकीत चाहत्यांचे दोन प्रतिनिधी बसवणे, हे या राज्यात आजही होऊ शकते.

आपण कोणीही आमच्याकडे आलात, तर मुलांना फार आनंद होईल. कापणीनंतर मळा वाळलेला असतो, आणि संध्याकाळी पाचपासून दिसेनासे होईपर्यंत खेळ चालतो. सोबत पाणी आणायची गरज नाही, शेजारच्या घरातली आजी कळशी भरून ठेवते.

या पत्राचे उत्तर माझ्या पत्त्यावर पाठवू नये, अशी विनंती आहे. ते फातोर्ड्याच्या प्रवेशद्वाराशी मोठ्या अक्षरांत लावावे. पुढच्या सामन्याला मी मुलांना घेऊन येईन, तेव्हा आत जाण्याआधी ती ते उभ्याने वाचतील.

आपला नम्र,
डिचोली तालुक्यातील एक शिक्षक आणि प्रेक्षक